पांढरा पळस आणि वाळूतला उंदीर

पांढरा पळस मी पाहिला आहे. पुष्कळ जण पाहिल्याचं सांगतात, त्यातले बरेच खोटं बोलतात. आमचा शेताच्या बांधावरच होता. तापीकडच्या शेवटच्या शेतात, नाल्याच्या अलीकडे. कुणी लावलेला नव्हता, आपोआप उगवलेला. कधी फुललेला नव्हता, म्हणून तो कोणत्या रंगाचा हेही कुणाला माहीत नव्हतं. पळस तो पळस. कार्य असलं की आम्ही त्याची पानं पत्रावळीला ओरबाडून आणायचो.

एका फाल्गुनात माझा नवरा शेतातून आला तो धोतराच्या सोग्यात फुलं घेऊन. सासू अंगणात तूर पाखडत होती.

"हाई काय लई उना?" ती म्हणाली.

त्यानं सोगा सोडला. आकार पळसाच्या फुलाचाच, पोपटाच्या चोचीसारखा वाकडा. पण रंग ताकासारखा. सासूनं सूप खाली ठेवलं, हात धुतले, मग एक फूल उचललं. ते नेऊन देवापुढे ठेवलं आणि वळून माझ्याकडे पाहिलं. मला कळलं.

तेव्हा मला दोन मुली होत्या. मोठी चालती-बोलती, धाकटी अंगावर पिणारी. धाकटी झाली तेव्हापासून घरात दुसऱ्या बायकोची गोष्ट सुरू झाली होती. माझे मामेसासरे म्हणजे सासूचा भाऊ, त्यांनी धानोऱ्याला एक मुलगी पाहून ठेवली होती. जमीन असलेल्या माणसाला मुलगा नसेल तर तो दुसरी करायचा. त्यात लपवाछपवी नसायची, वाईटही कुणी म्हणत नसे. माझ्या बापाला विचारलं असतं तर तोही म्हणाला असता, तुला घरातून तर काढत नाहीत ना, मग झालं.

सवत म्हणजे काय हे मला ठाऊक होतं. माझ्या आत्याच्या घरी मी पाहिलं होतं. सवतीला मुलगा झाल्यावर आत्याचं अंथरूण आधी ओसरीवर आलं आणि मग गोठ्यात गेलं. तिच्या मुलींना ताटात काय पडेल ते सवत ठरवायची. आत्या राबायची घरच्या बाईसारखी आणि जेवायची मजुरासारखी. मजुराला निदान दुसऱ्याच्या शेतात जाता येतं.

पांढऱ्या पळसाबद्दल आमच्याकडे समज असा, की ज्या गाईला गोऱ्हा झाला आहे तिच्या दुधात त्याचं कोवळं पान वाटून पोटुशी बाईला पहिल्या महिन्यांत पाजलं तर मुलगाच होतो. साध्या पळसाचं पानही देतात, पण ते चुकतं म्हणे. पांढऱ्याचं चुकत नाही.

मामेसासरे होळीला आले तेव्हा सासूनं त्यांना सांगितलं, "एक डाव दखू. झाड आपला घरनं शे. नहीच व्हयनं ते मंग धानोरा कोठे पळी जास?"

मी चुलीशी भाकरी थापत होते. मला ऐकू जावं म्हणूनच ती मोठ्यानं बोलली होती.

आता या झाडाची एक अडचण. पळस फुलतो तेव्हा त्याच्यावर पान नसतं, आणि पान येतं तेव्हा फूल गळून गेलेलं असतं. पानावरून पांढरा कोणता आणि लाल कोणता हे ओळखता येत नाही. पळसाला पानं तीनच म्हणतात, ते पांढऱ्यालाही लागू. म्हणून सासूनं फुलं आहेत तोवरच त्याच्या बुंध्याला तांबडं फडकं बांधलं. फडकं बांधलं त्या दिवशी तो देव झाला. दोन दिवसांनी कुणीतरी शेंदूर लावला, मग कुणी नारळ फोडला. पानं फुटेपर्यंत तापीच्या दोन्ही काठांना खबर झाली होती.

बायका येऊ लागल्या. रनाळ्याकडून बैलगाड्या आल्या, नंदुरबारच्या पेठेतून आल्या, नवापूरहून एक सासू-सून आगगाडीनं आल्या आणि स्टेशनापासून चालत आल्या. माझी सासू सकाळी अंघोळ करून झाडाखाली जाऊन बसायची. दुसऱ्या कुणाला पान तोडू द्यायची नाही. स्वतःच्या हातानं एक पान खुडायची, बाईच्या पदरात घालायची आणि म्हणायची, "जाय, आंडोर व्हई." आंडोर म्हणजे मुलगा, आंडेर म्हणजे मुलगी. पैसा घेत नसे, ते पाप. नारळ तेवढा घ्यायची. त्या वर्षी आमच्या घरात रोज खोबऱ्याची चटणी होती. पुढे पुष्कळ वर्षं मला ओल्या खोबऱ्याचा वास सहन होत नव्हता.

ज्या बाया आधीच पोटुशा होत्या त्यांना भाद्रपदात, अश्विनात मुलगे झाले. त्या नारळ-पेढे घेऊन परत आल्या. ज्यांना मुली झाल्या त्या परत आल्या नाहीत. म्हणून आमच्या अंगणात आलेल्या सगळ्यांना मुलगेच झालेले होते. हे मला तेव्हाही दिसत होतं. सांगायचं कुणाला?

माझं सांगते. वैशाखात मला दिवस राहिले. सासूनं शेजारच्यांच्या गाईचं दूध आणलं, पाटा धुतला, पान स्वतः वाटलं. आळीतल्या चार बाया बोलावल्या. मला पूर्वेकडे तोंड करून बसवलं आणि वाटी स्वतःच्या हातानं माझ्या तोंडाला लावली. चव तुरट, आंबट काढ्यासारखी. मी प्यायले. मनात देवाचं नाव वगैरे काही आलं नाही. ओकारी येऊ नये एवढंच आलं. सासूनं वाटी उलटी करून बायांना दाखवली. "थेंब सांडू दिना नही," ती म्हणाली. ते वाक्य तिनं नंतर गावभर सांगितलं, बाजारातही सांगितलं.

ज्येष्ठात पेरणीआधी उंदीर खणायचे असायचे.

नाल्याच्या कडेला आमच्या शेताचा एक पट्टा वाळूचा आहे. बाकी शेत काळं, हा पट्टा नदीनं आणून टाकलेला. तिथं भुईमूग चांगला येतो. आणि तिथं एक उंदीर असतो. घरातल्या उंदरासारखा नाही. अंग वाळूच्या रंगाचं, डोळे मोठे काळे, मागचे पाय लांब, शेपूट अंगाहून लांब आणि तिच्या टोकाला केसांचा काळा झुपका. चालत नाही, उड्या मारतो. दिवसा आत जाऊन बिळाचं तोंड आतून वाळूनं बंद करतो. पेरलेला दाणा रात्रीत उकरून खातो. म्हणून पेरणीआधी बिळं खणून त्याला संपवायचं ही आमच्याकडची रीत. संपत तो कधीच नाही. पुढच्या वर्षी तेवढेच असतात.

त्या दिवशी आम्ही तिघी होतो. सासू, मी आणि डोंगराकडून मजुरीला आलेली एक बाई. पोटुशी म्हणून मला घरी ठेवलं नव्हतं. पान पाजलं होतं, आता पोटातला मुलगा आपोआप टिकणार होता. मी कुदळीनं वाळू ओढत होते. एका बिळात गवताचं घरटं लागलं. त्यात उंदरी आणि तिची पिल्लं, उघडी, लाल, बोटाच्या पेराएवढी. एकावर एक.

सासू वाकून म्हणाली, "दख वं, दख! कितली शेतस! तुन्हीच बहीन शे ती."

मजूर बाई हसली.

मी म्हटलं, "तिले कोनी विचारत नही, आंडोर शे का आंडेर शे."

"तिले कोठे शेत शे वाटाले?" सासू म्हणाली.

माझी सासू मूर्ख नव्हती.

तेवढ्यात बांधावरून नंदुरबारचे शेठ आले. मारवाडी, पेठेत किराण्याचं दुकान, आमचा भुईमूग तेच घ्यायचे. जैन माणूस, मुंगीला वळसा घालून जाणारा. तट्टावरून उतरले आणि घरट्याकडे बघत राहिले.

"अरे, हाऊ तर आमना मुलखना शे," ते म्हणाले. तीस वर्षं इकडे राहून ते आमची बोली आमच्यासारखीच बोलायचे, फक्त जरा ओढून. "तिकडे वाळूच वाळू. पाऊस नही पडना ते मानसं गाव सोडतस, ढोरं मरतस. हाऊ ऱ्हास. पानी पेत नही, दव चाटस आनि मुळ्या खास. मी ल्हान होतू तधय दखेल शे. मारू नका त्याले."

"मंग लई जा त्याले तुम्हना मुलखमा, शेठजी," सासू म्हणाली. "इतला दूर उना बिचारा, पाव्हना म्हनीसन किती दिन ठेवू?"

शेठ हसले नाहीत. ते झाडाकडे तोंड करून उभे राहिले. आम्ही आमचं काम केलं. उंदरी मजूर बाईनं फडक्यात बांधून घेतली, तिच्या घरी खायचे. पिल्लं कुत्र्यापुढे टाकली. सगळं झाल्यावर शेठ वळले, घसा साफ केला आणि म्हणाले की घरी सूनबाईला तिसरा महिना आहे, एक पान मिळालं तर बरं होईल.

सासूनं हात धुऊन पान दिलं. परत जाताना माझ्याकडे न बघता म्हणाली, "उंदीरनी वीण काय, कोनीबी करस. पांढरा पळस हजारमा एक फुलस. म्हनीसन त्याले नारळ."

हे तिचं वाक्य मी पुष्कळ घोळवलं. चौथीपर्यंत शाळेत गेलेली मी, घोळवून घोळवून काय काढणार! पण एवढं काढलं. लाल पळसाच्या फुलांचा होळीला रंग होतो. फुलं पाण्यात उकळली की केशरी पाणी, सबंध गल्ली भिजते. पांढऱ्याचा रंग होत नाही. लाल पळसाच्या पानांच्या पत्रावळ्या होतात, पांढऱ्याच्याही त्याच होतात. तो हजारात एक आहे, बस. उंदीर हजारात हजार आहेत. त्यांचाही काही उपयोग नाही, नुकसानच आहे. मी उंदराची बाजू घेत नाही. माझा भुईमूग त्यानं खाल्लेला आहे.

त्या झाडाचं पुढे काय झालं ते इथंच सांगून टाकते. पानं खालच्या फांद्यांची संपली तशी वरच्या फांद्या ओढल्या, त्या मोडल्या. मग वैदू आले, त्यांनी साल काढली. मग कुणीतरी उठवलं की मुळाखाली सोनं असतं, म्हणून बाजूनं खणलं. दोन-तीन वर्षं त्यानं दम काढला आणि वाळलं. तोडलंही नाही कुणी, देव म्हणून. वाळवी लागून पडलं. उंदीर तिथंच आहेत. दर ज्येष्ठात आम्ही त्यांना मारायचो आणि ते पुरून उरायचे.

पौष सरत आला तेव्हा मी बाळंत झाले. मुलगी.

सुईण बाहेर जाऊन "लक्ष्मी उनी" म्हणाली. थोड्या वेळानं सूप झाडल्याचा आवाज आला, म्हणजे सासू कामाला लागली होती. तिनं माझे हाल केले नाहीत, हे सांगायला हवं. शेगडी आली, शेक आला, पातळ पेज आली. डिंकाचे लाडू केले होते मुलासाठी म्हणून, ते डब्यात राहिले.

नवऱ्यानं आत डोकावून पाहिलं नाही. चांगला माणूस होता तो तसा. मारायचा नाही. आई म्हणेल ते करायचा, आणि आई गप्प असली की काहीच करायचा नाही.

मग एका सकाळी मामेसासरे आले, आणि ते आणि माझा नवरा गाडी जुंपून धानोऱ्याला गेले. मला कुणी सांगितलं नाही. गाडीला नवी झूल घातलेली मी खिडकीतून पाहिली आणि समजले.

तो दिवस मी खाटेवर पडून काढला. बाळ चांगलं प्यायचं. मोठी मुलगी धाकटीला कडेवर घेऊन दारात उभी राहायची, तिला पेलवत नव्हतं, तरी घ्यायची. मी तिला म्हटलं, खाली ठेव तिला. ती म्हणाली, आजी रागावते. आजी रागावली नव्हती, पण मुलीला वारा कळला होता.

रडू आलं नाही. मी हिशोब करत होते. गोठ्यात जायचं नाही, हे ठरवलं. पंचांपुढे वेगळी चूल मागायची. वाळूचा पट्टा मागायचा, काळी जमीन कुणी देणार नव्हतं. तिघी मुली आणि मी, भुईमुगावर आणि मजुरीवर. मिळेल का? बहुतेक नाही. माझ्या बाजूनं बोलायला कोण होतं? पण मागायचं तरी. काय बोलायचं ते मी मनात जुळवत होते आणि ते दर वेळी वेगळंच जुळत होतं.

दुपार कलली तेव्हा गाडी परतली. माझ्या खोलीची खिडकी ओट्यावरच उघडत होती. मामेसासरे ओट्यावर बसले. नवरा बैल सोडायला गेला.

"काय व्हयनं?" सासूनं विचारलं.

"पानी पिऊ दे पहिले."

पाणी प्यायले. दुसरा तांब्या मागितला.

"आरे, सांग ना भाऊ!"

"काय सांगू? चहा व्हयना, गूळ-शेंगदाणा व्हयना. मंग पोरनी आजी बाहेर उनी. म्हातारी शे पन वकिलना बाप शे ती." मामेसासऱ्यांनी मिशा पुसल्या. "माले विचारस, पाव्हना, तो पांढरा पळस तुम्हनाच बांधवर शे ना? मी छाती फुगाडीसन म्हनं, हा, आमनाच! ती म्हने, मन्ही सून तठेच गयथी. तुम्हनी बहीननी सोता पान दिनं. माले नातू व्हयना."

"मंग? चांगलंच शे ना," सासू म्हणाली.

"आयक ना पुढे. ती म्हने, धानोरामा आंडोर दिना, रनाळामा दिना, नवापूरलोंग दिना. आनि तुम्हना सोताना घरमा तीन आंडेरी? झाड खोटं नही, मन्हा नातू शे ना मांडीवर. बाईले पाजं नही म्हनशात, ते तुम्हनी बहीन बाजारमा सांगी ऱ्हायंती, मन्हा हातथून पाजं, थेंब सांडू दिना नही. म्हनीसन झाड खरं, बाई खरी. मंग खोट कोनामा शे, पाव्हना? तूच सांग."

मी खिडकीकडे सरकले.

"तू काय म्हनं?" शेवटी सासूनं विचारलं.

"मी काय म्हनू? मी म्हनं, बैल उभा शेतस, निघतस आम्ही."

"सांगानं होतं ना, नीट पिनी नही ती, थुकी टाकं म्हनीसन!"

"चार बाया बठाडेल होत्यात तू. वाटी उलटी करीसन दखाडी. आते कोनले सांगू?" मामेसासऱ्यांचा आवाज चढला. "ते मंग असं कर. मी उलटा जास, आनि सांगस की झाडच खोटं शे. मन्ही बहीन लोकेसले फसाडी ऱ्हायनी व्हती. सांगू?"

कोपऱ्यात नारळांचा ढीग होता. दोनच दिवसांपूर्वी शेठचा माणूस येऊन पेढे ठेवून गेला होता, त्यांच्या सुनेला मुलगा झाला होता. झाड खोटं म्हणायचं तर सासूनं हे सगळं परत करायचं. झाड खरं म्हणायचं तर खोट तिच्या पोरात. ती दोन्हीकडून अडकली आणि ते तिला मामेसासऱ्यांच्या आधी कळलं असावं.

गोठ्यात नवरा बैलांना वैरण घालत होता. दोन बैलांना वैरण घालायला इतका वेळ लागत नाही.

मामेसासरे जेवून गेले. जाताना म्हणाले की दुसरीकडे बघू, मुलींना तोटा नाही. पण ती गोष्ट धानोऱ्यात राहणार नव्हती. जिथून बाया पान न्यायला आल्या होत्या त्या सगळ्या गावांत ती गेली, त्याच बायांच्या तोंडून. ज्या घराच्या बांधावर पांढरा पळस आहे आणि तरी मुलीच होतात, तिथं मुलगी द्यायला कुणी तयार होईना. नंतर मला आणखी एक मुलगी झाली. मुलगा झाला नाही. सवत आली नाही.

पण हे सगळं पुढचं. त्या दिवशी एवढंच झालं की संध्याकाळच्या आधी नवरा खोलीच्या दारात येऊन उभा राहिला. मी बाळंत झाल्यापासून पहिल्यांदा. चौकटीला हात लावून बाळाकडे बघत होता.

"मन्हामा खोट शे म्हनतस ते," तो म्हणाला.

मला विचारत होता की सांगत होता ते कळलं नाही. मी म्हटलं, "लोके काय, काहीबी म्हनतस."

"आते मालेच म्हनतीन."

"म्हनू द्या. माले पाच वर्ष म्हनी ऱ्हायनात."

तो आत आला. मग बाळाच्या पायाला हात लावून पाहिला, गरम आहे का गार तसा, आणि गेला.

त्याच्यामागून सासू आली. शेगडीतले निखारे उकरले, राख बाजूला केली. एका वाटीत डिंकाचे दोन लाडू होते. ते उशाशी ठेवले.

"खाई ले. दूध येवाले पाहिजे," ती म्हणाली. आणि दारातून, पाठ फिरवून, "परवा दिन हळद कुटनी शे. उठता ई का?"

"ई," मी म्हटलं.

मला आनंद झाला का, असं माझ्या नातीनं एकदा विचारलं. तिला हो हवं होतं. मी ते दोन्ही लाडू खाल्ले. बाळ झोपलं होतं, धाकटीलाही मोठीनं शेवटी खाली ठेवलं होतं. हळद कुटायला दोन दिवस होते. मी कूस बदलली आणि उजेड असतानाच झोपले.